बालाघाटचं गाणं कोणत्या खणात?

दिवाळी सरली, धानाची कापणी उरकत आली की वैनगंगेच्या खोऱ्यात मंडईचा हंगाम सुरू होतो. भंडारा-गोंदियाच्या गावांत होतो, तसाच शेजारच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्याच्या लांजी, किरनापूर, खैरलांजी, कटंगीकडच्या गावांतही. दिवसा बाजार भरतो, गोवारी ढाल घेऊन नाचतात, लेकीबाळी माहेरी येतात. रात्री दंडार, खडी गंमत, नाहीतर नाटक. खडी गंमत ‘दुय्यम’ असेल तर गर्दी जास्त, कारण मग दोन पार्ट्या समोरासमोर उभ्या राहतात आणि पहाटेपर्यंत एकमेकींना सवाल टाकतात. शाहीर, त्याचे झीलकरी, लुगडं नेसलेला नाच्या, ढोलकी, टाळ, डफ. शेजारी पेटी, आणि आता बऱ्याच पार्ट्यांत सिंथेसायझर, ज्याला कंपनी कुठलीही असो, ‘कॅसिओ’च म्हणतात. गण होतो, गवळण होते. मग हुंडा, दारू, महागाई. मधेच फर्माईश आली तर सिनेमाच्या चालीवर बसवलेलं गाणं, आणि एखादं भीमगीतही.

हे पाहून जाणकारांच्या कपाळाला आठी पडते. महोत्सवांचे निवडकर्ते, चर्चासत्रांतले वक्ते, ‘लोप पावत चाललेल्या’ कलांवर दरवर्षी हळहळणारे लेखक, सगळ्यांचं म्हणणं साधारण एकच: यात लोकसंगीत उरलंय कुठे? खरं लोकसंगीत कुणी एकानं रचलेलं नसतं, ते पिढ्यान्‌पिढ्या तोंडातोंडी चालत येतं, त्याला पैशाचा वास नसतो आणि त्यात बाहेरचं वाद्य नसतं. पेटीपर्यंत ठीक, कॅसिओ म्हणजे भेसळ. सिनेमाची चाल म्हणजे उष्टं. भीमगीत म्हणजे प्रचार.

ही मंडळी दुष्ट नाहीत. रेडिओ, सिनेमा आणि मोबाइलच्या रेट्याखाली कित्येक चाली विस्मरणात गेल्या, हे खरंच आहे. पण दुखणं खरं असलं म्हणून निदान बरोबर ठरत नाही. त्यांच्या चारही अटी बालाघाटच्या आणि एकूण मराठी मुलखाच्या गाण्याला लावून पाहिल्या, तर लोकसंगीताच्या खणात ठेवायला फारसं काही शिल्लक राहत नाही.

पहिली अट अज्ञात कर्त्याची. मराठी लोकगाण्याचा भक्कम खांब म्हणजे पोवाडा, आणि उपलब्ध पोवाड्यांत सर्वांत जुना मानला जातो तो अफजलखानाच्या वधावरचा. त्याचा कर्ता अज्ञानदास. प्रसंग १६५९ सालचा, आणि रचना जिजाबाईंच्या सांगण्यावरून झाली अशी परंपरा. म्हणजे सांगून करवून घेतलेलं, ताज्या राजकीय घटनेवरचं, कर्त्याचं नाव माहीत असलेलं गाणं. आजच्या एखाद्या निवड समितीपुढे अज्ञानदास उभा राहिला असता तर ‘प्रचार’ या शेऱ्यासह त्याचा अर्ज परत आला असता. लावणीकडे वळावं तर राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, सगनभाऊ, परशराम, प्रभाकर अशी नावांची रांगच उभी आहे. हॅरी अ‍ॅकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये पोवाड्यांचा संग्रह छापला.

खडी गंमतीला ज्या शाहिरी परंपरेनं सवाल-जवाब दिले, त्या कलगी-तुऱ्याची गोष्ट तर बालाघाटकरांना जवळची वाटावी अशी. तुकनगीर नावाचा गोसावी आणि शाहअली नावाचा फकीर, दोघांचा वाद रंगला चंदेरीच्या दरबारात. राजानं एकाला तुरा दिला, दुसऱ्याला कलगी. शिवाची बाजू आणि शक्तीची बाजू. चंदेरी आजच्या मध्य प्रदेशातच. ही आख्यायिका इतिहास म्हणून कुणी घेऊ नये. पण ज्या परंपरेला आपला उगम दोन नावांच्या माणसांत, एका भांडणात आणि एका बक्षिसात दिसतो, तिच्यावर ‘अनाम सामूहिक प्रतिभे’चं लेबल डकवणं म्हणजे तिचं बोलणं न ऐकणं. शाहीर तर शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव घालतो, गुरूचं घालतो, आखाड्याचं घालतो. छापील कवीसुद्धा नावाबद्दल इतका दक्ष नसतो.

आणि ही अट जिथून आली तिथेही ती पाळली गेली नव्हती. जर्मन विचारवंत हेर्डर यानं १७७८-७९ मध्ये लोकगीतांचा जो गाजलेला संग्रह काढला, ज्याच्या प्रभावाखाली युरोपभर लोकगीतं गोळा करण्याची लाट आली, त्यात शेक्सपिअर होता आणि तरुण गटेही होता. लोकगीत म्हणजे बेनाव गीत हा नियम नंतरच्या शिष्यांनी काढला. गुरूनं आधीच मोडून ठेवला होता.

दुसरी अट, जुनेपण. बैहर तालुक्यातल्या मैकलच्या डोंगरांत बैगा आणि गोंड राहतात. त्यांच्या ददरियाला ही अट लावून पाहावी. ददरिया म्हणजे मुलगा आणि मुलगी यांनी एकमेकांना उद्देशून तिथल्या तिथे जुळवलेल्या दोन-दोन ओळी. चाल ओळखीची, साचा ठरलेला, पण आजची ओळ आजची. कालचीच ओळ परत म्हणणाऱ्याची थट्टा होते. ज्या प्रकाराचा जीवच ताजेपणात आहे, त्याला ‘प्राचीन’ म्हणून गौरवणं हा गौरव विचित्र आहे. पोळ्याला बैलांच्या तोरणाखाली म्हटल्या जाणाऱ्या झडत्याही तशाच. सुरुवात ठरावीक, पण पुढे पाटील, सरपंच, सोसायटी, खताचा भाव, कोण येईल ते. झडती जुनी झाली की तिला कुणी हसत नाही, आणि हसू आलं नाही तर ती झडती कसली?

पैशाची अट तर सर्वांत पोकळ. गोंडांचे गायक म्हणजे परधान. त्यांचं वाद्य बाना, गजानं वाजवायचं, आणि त्या वाद्यातच बडा देवाचा वास मानलेला. परधान गोंडांच्या देवांच्या आणि राजांच्या कथा गातो, तो आपल्या ठरलेल्या यजमान कुटुंबांपुढे, ठरलेल्या मुदतीनं, आणि बदल्यात धान्य, कापड, जनावर, दागिना, जे हक्काचं असेल ते घेतो. शामराव हिवाळे या मराठी माणसानं आपलं आयुष्य मंडला भागात घालवलं. मानववंशशास्त्रज्ञ वेरियर एल्विन यांचे ते सहकारी, आणि परधानांवरचं त्यांचं पुस्तक १९४६ मध्ये आलं. त्यात हा सगळा व्यवहार मांडलेला आहे. गाणं हा परधानाचा धंदा होता. जिल्ह्यातल्या सर्वांत ‘अस्सल’ गायकीतच मोबदल्याचं गणित इतकं पक्कं असताना, खडी गंमतीच्या शाहिरानं बिदागी आधी ठरवून घेतली म्हणून त्याला बाजारू म्हणणाऱ्यांनी स्वतःच्या प्रवासभत्त्याचा कागद एकदा पाहावा.

राहिलं वाद्य. ज्या पेटीपर्यंत ‘ठीक’ आहे, ती पेटी कुठली? हार्मोनियमचं मूळ युरोपातलं. हातानं भाता मारायची, मांडी घालून वाजवायची भारतीय पेटी कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास घडवली. ती भजनात, कीर्तनात, तमाशात, कव्वालीत इतकी मुरली की आता तिला परकी म्हणायला जीभ धजत नाही. पण आकाशवाणीची धजली होती: १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियम रेडिओवर बंद होतं. भजनी मंडळांत आणि कव्वालीत वाजणारा बेंजो तर थेट जपानचा. १९१२ मध्ये नागोया शहरात गोरो मोरिता यानं तैशोगोतो नावाचं कळपट्टीचं तंतुवाद्य काढलं, ते समुद्रमार्गे इकडे आलं, बुलबुलतरंग झालं आणि मुंबईच्या वरातींत ‘बेंजो पार्टी’ झालं. कॅसिओही जपानीच. मग जपान्यांतला आधीचा चालतो आणि नंतरचा का नाही? उत्तर एकच मिळतं: आधीचा आपल्या लहानपणी होता. ही आठवण झाली, निकष नव्हे.

इतकं पाहिल्यावर विचारायला हवं, हे खण पाडले कुणी? बरेचसे कचेऱ्यांनी पाडले. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झालेल्या बी. व्ही. केसकर यांनी सिनेमागीतांना रेडिओवरून जवळजवळ हद्दपार केलं. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. रिकाम्या जागेत काहीतरी वाजवायला हवं म्हणून आकाशवाणीनं ‘सुगम संगीत’ उभं केलं आणि वाढवलं. शेवटी १९५७ मध्ये विविध भारती काढून सिनेमागीतांना मागच्या दारानं घरात घ्यावं लागलं. तेव्हापासून आवाज-चाचणीला जाणाऱ्या गायकाला आधी सांगावं लागतं की तो शास्त्रीय, सुगम की लोक. बालाघाटला आकाशवाणीचं स्वतःचं केंद्र आहे. तिथे येणाऱ्या शाहिरालाही या तिन्हींतला एक खण पत्करावाच लागतो. मंडईतल्या एका रात्रीत तो तिन्ही खणांतून दोनदा जाऊन येतो, ते अर्जात लिहायला जागा नसते.

भाषेचंही तसंच. बालाघाटात पोवारांची पोवारी आहे, मरारांची मरारी आहे. लग्नाच्या विधीगणिक पोवार बाया जी गाणी म्हणतात, ती ऐकताना मराठी कान दोन ओळी समजतो, तिसरीला अडखळतो, चौथीला परत घरी येतो. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा पूर्व हिंदीचा खंड १९०४ मध्ये निघाला, त्यात पोवारी आणि मरारी या बघेलीच्या मिश्र बोली म्हणून बसवल्या गेल्या. जनगणनाही पोवारीची बेरीज हिंदीत करते. मग १ नोव्हेंबर १९५६ आला. नागपूर राजधानी असलेला जुना मध्य प्रदेश फुटला, भंडारा मुंबई राज्यात गेला, बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिला. एकाच खोऱ्यातली, एकाच मंडईत उभी राहणारी माणसं दोन राज्यांची लोककला झाली.

याचा परिणाम अगदी व्यवहारी आहे. महाराष्ट्र शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या अनुदान योजनांत खडी गंमत हे नाव तमाशा, दशावताराच्या रांगेत लिहिलेलं आहे. मध्य प्रदेशात लोकसंस्कृतीचा विचार वर्षानुवर्षं निमाड, माळवा, बुंदेलखंड आणि बघेलखंड या चार अंचलांच्या चौकटीत होत आला. जनजातींसाठी वेगळं दालन. यांत बालाघाटचा गोंड बसतो, बैगा बसतो. मराठी-पोवारी बोलणारा, डफ हातात घेतलेला शाहीर कुठे बसतो? भोपाळला तो महाराष्ट्राचा वाटतो, मुंबईला परराज्यातला. गोंदियाच्या पार्टीला जे लेबल उपयोगी पडतं, ते नदीपलीकडे नुसतं अडचणीचं होतं.

भीमगीतावर इथे जरा थांबायला हवं, कारण खरा पेच तिथे आहे. कॅसिओबद्दलची नाराजी काळाच्या ओघात विरते, जशी पेटीबद्दलची विरली. भीमगीताबद्दलची विरत नाही, कारण ती मुळात वाद्याबद्दल नसते. १९३० च्या दशकातल्या आंबेडकरी जलशांपासून हे गाणं सुरू आहे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर पूर्व विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशात ते वस्तीवस्तीत पोचलं. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांची गाणी आधी तोंडातोंडी गेली, मग वह्यांत उतरली, दीक्षाभूमीवर विकल्या जाणाऱ्या पुस्तिकांत छापली गेली, कॅसेटवर आली आणि पुन्हा तोंडी झाली. प्रल्हाद शिंदे यांच्या एकाच गळ्यातून विठ्ठलाचीही गाणी निघाली आणि भीमाचीही. मात्र एक ‘लोकपरंपरे’त सहज गेलं आणि दुसरं ‘चळवळीचं साहित्य’ ठरलं. चाल तीच, गळा तोच, ढोलकी तीच.

‘हे ठरवून रचलेलं, विचार पसरवण्यासाठीचं गाणं आहे’ असा आक्षेप येतो. वारकऱ्यांचा अभंग कशासाठी होता? तुकडोजी महाराजांची (१९०९-१९६८) खंजिरीवरची भजनं स्वच्छता, एकजूट आणि व्यसनमुक्तीसाठीच होती; ती कर्त्याच्या नावासह छापली गेली, मराठीत आणि हिंदीत दोन्हीकडे गायली गेली. पूर्व विदर्भात त्यांना लोकांचं गाणं म्हणायला कुणी कचरत नाही. मग कचरण्याची जागा कुठे आहे, ते सांगायला फार विद्वत्ता लागत नाही. गाण्यात कुणाचं नाव घेतलं जातं आणि ते कुणाच्या अंगणात घेतलं जातं, हे पाहून खण ठरतो.

या वादात निर्णायक पुरावा जात्यावर सापडतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांत बायकांकडून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ओवी ही तर चारही अटी जवळपास पाळणारी, अगदी कर्मठ निवड समितीलाही मान्य होणारी. त्या ओव्यांत सीता आहे, विठ्ठल आहे, भाऊ आहे, सासू आहे, आणि बाबासाहेबही आहेत. दळणाऱ्या बायकांनी कुणालाही न विचारता त्यांना जात्यावर घेतलं. चळवळीचं गाणं आणि लोकगाणं यांच्यातली जी भिंत चर्चासत्रात इतकी पक्की दिसते, ती पहाटे दळण दळताना कुणाला जाणवली नव्हती.

आता दुसरी बाजू. ती तरुणांची आहे, मोकळी आहे आणि ऐकायला गोड आहे: खण हवेतच कशाला? गाणं चांगलं असतं किंवा वाईट असतं, बाकी सगळी लेबलं प्राध्यापकांची.

ही गोडी परवडते ज्याचं नाव आधीच छापलेलं असतं त्याला. सॉलोमन लिंडा हा दक्षिण आफ्रिकेतला झुलू गायक. १९३९ मध्ये जोहान्सबर्गमध्ये त्यानं ‘म्बुबे’ नावाचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. ते अमेरिकेत पोचलं तेव्हा तिथल्या लोकगायकांच्या एका गटानं ते आफ्रिकेचं पारंपरिक गाणं समजून गायलं. तबकडीवर नाव आलं ते गटानं घेतलेल्या एका टोपणनावाचं. १९६१ मध्ये नव्या शब्दांनिशी ते जगभर गाजलं, १९९४ मध्ये डिस्नेच्या सिंहाच्या चित्रपटात आलं. लिंडा १९६२ मध्ये गरिबीतच वारला होता. त्याच्या मुलींना तडजोडीतून हक्काचे पैसे मिळू लागले ते २००६ मध्ये. एवढं नुकसान ‘पारंपरिक’ या एका शब्दानं केलं. लेबलाला अर्थ नसता तर या कुटुंबाला कोर्टाची पायरी चढावी लागली नसती.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. २०१० च्या ‘पीपली लाइव्ह’मध्ये नगीन तन्वीर यांनी गायलेलं ‘चोला माटी के राम’ ऐकून कुणालाही ते छत्तीसगडच्या मातीतून आपोआप उगवलेलं वाटेल. ते गंगाराम साखेत यांनी लिहिलेलं आहे, आणि चित्रपटानं त्यांचं नाव दिलं म्हणून आज ते सांगता येतं. मराठीत ‘मी डोलकर’ कित्येकांना कोळीवाड्यातलं परंपरागत गीत वाटतं; ते शांता शेळके यांचं, चाल हृदयनाथ मंगेशकरांची. शांताबाईंचं नाव पुसलं जाणं शक्य नव्हतं, कारण त्या शांताबाई होत्या. लांजीच्या शाहिराची एखादी ओळ उद्या असंच कुणी उचलली, तर तबकडीवर ‘पारंपरिक’ एवढंच येईल. १९५७ चा कॉपीराइट कायदा कर्त्याला ओळखतो. कर्ता नाही म्हटलं की मूळ गाणं मोकळं आणि त्यावर नवा साज चढवणारा मात्र आपल्या साजाचा मालक. १९९४ आणि २०१२ च्या दुरुस्त्यांनी गाणाऱ्यालाही हक्क दिले, पण ते मागायला गाणाऱ्याचं नाव कुठेतरी नोंदलेलं लागतं. तेव्हा जुन्या मंडळींची ‘अनाम’ची हौस आणि नव्या मंडळींची लेबलांबद्दलची बेफिकिरी शाहिराच्या खिशाला सारखंच भोक पाडतात.

मग सिनेमाचं गाणं डीजेवर वाजतं, तेही लोकसंगीत म्हणायचं का? हा प्रश्न खोचक असला तरी रास्त आहे, आणि त्याचं उत्तर ‘नाही’ असं आहे. त्याचं कारण १९४७ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंगीत परिषदेनं १९५४ मध्ये साओ पाउलोच्या अधिवेशनात सांगून ठेवलंय. सातत्य, बदल आणि समाजानं केलेली निवड, या तीन गोष्टी तिनं धरल्या. एकट्या रचनाकाराचं गाणंही लोकांच्या तोंडी पडून मुरलं तर ते लोकसंगीत. जे तयार घेतलं आणि तसंच ठेवलं ते नाही. पुढे १९८१ मध्ये परिषदेनं स्वतःच्या नावातून ‘लोक’ काढून ‘पारंपरिक’ घातलं, २०२३ मध्ये तेही बदललं. पाटी दोनदा बदलली, पण त्या जुन्या व्याख्येतला ‘बदल’ हा शब्द अजून कामाचा आहे. अशोक दा. रानडे यांनी आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम अशा सहा कोटी मांडल्या, त्याही याच कारणानं उपयोगी पडतात: त्यांत वरची-खालची पायरी नाही आणि एका कोटीतून दुसरीत जाण्याची वाट उघडी आहे. मंडईतली रात्र समजून घ्यायला आकाशवाणीच्या तीन खणांपेक्षा या सहा कोटी कितीतरी सोयीच्या.

या कसोटीवर काही अवघड निकाल लागतात. डीजेवरचं गाणं बाद. स्टुडिओत बसवलेलं, यूट्यूबवर चढवलेलं पोवारी गाणं, भाषेसाठी कितीही मोलाचं असलं तरी, तूर्त बाद. कुणा आत्यानं ते हळदीला म्हणताना त्यात नवरदेवाच्या मामाचं नाव घुसवलं की आत. सिनेमाची चाल घेऊन शाहिरानं दारूबंदीवर कडवी रचली आणि समोरच्या पार्टीनं त्याच चालीत त्याला उलट सवाल केला, तर आत. आणि सर्वांत अवघड निकाल हा: महोत्सवाच्या मंचासाठी दहा-बारा मिनिटांत बसवलेलं करमा किंवा सैला नृत्य, एकसारखे पोशाख, एकसारख्या रांगा, दरवर्षी तेच कडवं. कान्हाच्या मुक्की फाटकाबाहेरच्या रिसॉर्टांत पाहुण्यांच्या जेवणाआधी होणारं बैगा नृत्यही त्याच जातीचं. मांदर खरा, माणसं खरी, पण कडवं बदलण्याची मुभा कुणालाच नाही. बैगांच्या अंगणात तेच करमा रात्रभर चालतं, तेव्हा गाणं कुठल्या कुठे जातं. व्याख्येच्या काटेकोर अर्थानं मंचावरच्या त्या गोठवलेल्या करम्यापेक्षा कॅसिओवरचं भीमगीत अधिक लोकसंगीत आहे. यावर नर्तकांना दोष देण्यात अर्थ नाही, वेळ ठरवणारे ते नव्हेत. त्या दहा मिनिटांचं मानधन त्यांना मिळायलाच हवं. फक्त त्यालाच ‘अस्सल’चा शिक्का आणि शाहिराला ‘भेसळी’चा, हा उलटा कारभार थांबावा.

तो थांबवायला नवी संस्था काढावी लागत नाही. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र नागपुरात १९८६ पासून आहे, आणि महाराष्ट्र व मध्य प्रदेश दोघेही त्याचे सदस्य आहेत. बालाघाटची दुय्यम खडी गंमत कोणत्या राज्याची, हा प्रश्न तिथे तरी अडू नये. पार्टीला मंच द्यायचा तर अर्धी रात्र द्यावी आणि समोर दुसरी पार्टी उभी करावी; एकटी खडी गंमत दहा मिनिटांत दाखवणं म्हणजे कुस्तीत एकच पैलवान उतरवणं. अर्जातला ‘प्रकार’ हा रकाना राहू द्यावा, पण त्याखाली दोन रकाने वाढवावेत: रचना कुणाची, आणि तुम्ही तीत काय बदललं. ‘पारंपरिक’ असं लिहिण्याआधी कार्यक्रम अधिकाऱ्यानं शेवटचं कडवं नीट ऐकावं. शाहिरानं स्वतःचं, गुरूचं आणि आखाड्याचं नाव बहुधा तिथेच सांगितलेलं असतं. तेच ध्वनिमुद्रणाच्या नोंदीत उतरवावं आणि धनादेशही त्याच नावानं काढावा.